पिवळा शंकासूर

केशरबाईंची एसटी पंक्चर होऊन मानवतहूनच उशिरा सुटल्याचा फोन आला, तेव्हा सुलाबाईंनी पाळण्याच्या दोऱ्या ओढून बघणाऱ्या नातवाला सांगून टाकलं, "जेवणं आधी होऊ दे. नाव मागून. वन्सं आल्याबिगर फूल जुळवायचं न्हाई."

"आजी, माणसं थांबणार नाहीत तोवर," धम्मदीप म्हणाला.

"जाऊ दे की. त्यांनी का नाव ठेवायचंय?"

धम्मदीपनं बापाकडं बघितलं. सिद्धोधन सर मांडवाच्या खांबाला टेकून आचाऱ्याशी बोलत होते. शाळेची घंटा चुकली तरी चालेल, आईचा शब्द चुकायला नको, असं त्यांनी निवृत्तीआधीही धरलं होतं. त्यांनी मान हलवली आणि बारसं पुढं गेलं.

भादव्यातला रविवार होता. पाऊस आदल्या दिवशी पडून मोकळा झाला होता. पोखर्णीच्या या घरी तीन पिढ्यांत मुलीचं बारसं म्हणजे दोन नावं ठेवायचा दिवस. एक कागदावरचं, शाळेत घालायचं. ते या वेळी ठरलेलंच होतं, संबोधी. दुसरं घरातलं, फुलाचं. ते फूल जुळल्याशिवाय ठेवता येत नव्हतं.

सुलाबाईंनी चित्र भिंतीवरून उतरवून मांडीवर घेतलं आणि पदरानं काच पुसली. आत शंकासुराची एक फांदी होती. बारीक, चिंचेसारखी पानं, वर कळ्यांचा तुरा, फुलातून मिशांसारखे बाहेर आलेले लांब केसर. फुलं पिवळी. खाली इंग्रजी अक्षरं, ती त्यांना वाचता येत नव्हती आणि त्यांनी कधी कुणाला वाचून दाखव म्हटलंही नव्हतं.

असे कागद मुळात डझनभर तरी असावेत. सासरे सिताराम मानवत रोड स्टेशनाजवळ रेल्वेच्या गोऱ्या इंजिनिअरच्या बंगल्यावर बागेला पाणी घालायचे. इंजिनिअरच्या बायकोला बागेतल्या फुलांची चित्रं काढायचा नाद. सितारामांनी फांदी कापून आणायची, ओल्या वाळूत उभी करायची आणि ती कोमेजेपर्यंत बाई रंग लावायची. चित्र पुरं झालं की ताजं फूल कागदावर ठेवून विचारायची, तेच आहे का बघ. बंगला सोडताना चांगली चित्रं पेटीतून जहाजावर गेली. बिघडलेली सितारामांनी मागून घेतली. म्हणून या घरातल्या प्रत्येक चित्रात एक खोट होती. केशरबाईंच्या गुलबक्षीवर शाईचा डाग. नात पिंकीच्या सदाफुलीला पाचाऐवजी पाकळ्या सहा.

मुलगी झाली की अंगणातलं फूल आणायचं, कागदावर ठेवायचं, घरातल्या चार मोठ्या माणसांनी बघायचं. जुळलं तर ते नाव आणि तो कागद पोरीचा. लग्नात तिच्याबरोबर जायचा. आता हा एकच उरला होता. तो उरायला कारण होतं. पोखर्णीत शंकासूर लालच फुलायचा आणि कागदावरचा पिवळा होता. दर खेपेला कुणीतरी लाल फूल आणून ठेवायचं, दर खेपेला चौघं मान हलवायचे आणि पोरीला दुसरा कागद मिळायचा.

"या वेळी दुसरा न्हाई," सुलाबाई काचेला म्हणाल्या.

*

जिंतूरहून येणाऱ्या गाडीत सिद्धोधन सरांची बहीण सत्यशीला पायांमध्ये बादली धरून बसली होती. बादलीत बोटभर पाणी, पाण्यात ओल्या फडक्यात बांधलेली फांदी. फांदीवर पिवळी फुलं.

"दोन सीट घेतल्यात आपण, बादलीचं तिकीट काढायचं का?" वैजीनाथ म्हणाला. तो एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाला होता आणि बायकोसोबत प्रवास करताना त्याला अजून तिकीट काढायचा कंटाळा यायचा.

"तुमी गप बसा. हलवू नका."

"मी कशाला हलवू. रस्ता हलवायलाय."

ती हसली नाही. वैजीनाथनं मग खिडकीबाहेर बघितलं. पिवळ्या शंकासुराचं बी त्यानंच मिळवलं होतं. नोकरीत असताना ओळखीच्या प्रवाशांना विचारत सुटला होता, तुमच्याकडं पिवळा आहे का. लोकांना वाटायचं औषधाला हवा असेल. शेवटी नांदेडच्या एका मास्तरांनी रुमालात शेंगा आणून दिल्या. पहिली दोन झाडं लाल निघाली. सत्यशीलानं ती उपटू दिली नाहीत, पण त्यांच्याकडं बघितलंही नाही. तिसरं पिवळं निघालं, तेव्हा ती शाळेला रजा टाकून अंगणात खुर्ची घेऊन बसली होती.

"सांगणार का त्यांना?" वैजीनाथनं विचारलं.

"काय?"

"हेच. कुणासाठी आणलंय."

"ते बारसं पोरीचं आहे. मी आजी लागते तिची. सत्तावन्न वर्षांच्या बाईनं जाऊन कागद मागायचा?"

"मग बादली कशाला आणली?"

सत्यशीलानं बादली पायांत घट्ट धरली. तिचा जन्म झाला तेव्हा वडील, गोपीचंद, ऐन भरात होते. दीक्षा घेतल्याला बारा वर्षं झालेली, गावात रात्रशाळा चालवायचे. केशर आत्या जास्वंद घेऊन आली तेव्हा त्यांनी बहिणीला दारातच सांगितलं, साहेबाच्या बाईनं टाकून दिलेलं माझी लेक उचलणार नाही. नाव ठेवलं सत्यशीला. चांगलं नाव होतं. त्या नावानं तिनं नोकरी केली, सही केली, मतदान केलं. पुढं पिंकी जन्मली तेव्हा त्याच गोपीचंदनी सदाफुली स्वतःच्या हातानं जुळवली. सहावी पाकळी कुणीतरी दाखवली तर म्हणाले, पाकळ्या मोजू नका, तोंड बघा. सगळे हसले. सत्यशीला त्या वेळी पाहुण्यांना पाणी देत होती. तीही हसली होती.

पोखर्णीचा फाटा आला. वैजीनाथनं उठून सवयीनं घंटीच्या दोरीकडं हात नेला आणि परत घेतला.

*

केशरबाई रिक्षातून उतरल्या त्याच बोलत.

"माणसं जेवली का? मला ठेवलं का काही? सुला, तुझ्या गुडघ्याचं काय झालं?"

"तुमचं बघा आधी. बस कशी पंक्चर केली?"

"मी बसले म्हणून झाली म्हनायलीस का?"

"मी काय म्हनले? तुमीच म्हनलात."

धम्मदीपची बायको शुभदा ओसरीवर मुलीला घेऊन बसली होती. लग्न होऊन या घरात तिला तीन वर्षं झाली होती, तरी या दोघींचं भांडण कुठं संपतं आणि प्रेम कुठं सुरू होतं ते तिला उमगलेलं नव्हतं. ती परभणीच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. फुलाचं नाव ठेवण्याला तिची हरकत नव्हती. शंकासुराला होती.

"पप्पा, राक्षसाचं नाव आहे ते," तिनं आठवडाभर सासऱ्यांना सांगून पाहिलं होतं.

"गुलतुरा म्हण. जुनी हैदराबादी माणसं गुलतुराच म्हणायची," सिद्धोधन म्हणाले होते. "आणि बाईनं खाली काय लिहिलंय माहिती आहे? बार्बाडोज प्राइड. कुठलं बार्बाडोज आणि कुठलं पोखर्णी. जुनं शास्त्रीय नाव पॉइन्सियाना, तेही कुठल्याशा बेटावरच्या गव्हर्नरवरून. ज्यानं फूल लावलं त्याचं नाव कुठंच नाही. म्हणून तर आपण पोरींना देतो."

शुभदानं मग तो विषय सोडला होता.

आता सत्यशीला आत्या दारातून आल्या, जय भीम झाला आणि त्यांनी बादली ओसरीच्या कोपऱ्यात, उन्हापासून लांब ठेवली. फडकं सुटलं.

"पिवळा!" पिंकी ओरडली. ती धम्मदीपची बहीण, म्हणजे आज नाव ठेवायचा मान तिचा. तिनं सकाळीच हौदाजवळच्या झाडाचं लाल फूल तोडून ठेवलं होतं, नियमाला म्हणून. "आत्या, कुठं मिळाला? अगं, जुळलं की मग! बाळाचं नशीब बघ."

सिद्धोधन उठून आले. फांदीकडं वाकून बघितलं, चष्मा वर करून बघितलं. "सत्यशीला, तू कमाल केलीस. इतकी वर्षं कुणाला जमलं नाही. पोरीसाठी आणलंस?"

शुभदा समोरच होती, म्हणून तिला दिसलं. सत्यशीला आत्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, मग बादलीची कडी सरळ केली आणि म्हणाल्या, "आणलं."

वैजीनाथ चपला काढता काढता खोकला.

*

जेवणं झाली. लांबचे पाहुणे गेले. बुद्धाच्या मूर्तीसमोर आणि बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर मेणबत्त्या लावून त्रिशरण-पंचशील झालं. मग ओसरीवर सतरंजी टाकून मध्ये चित्र ठेवलं. चौघांत सुलाबाई, केशरबाई, सिद्धोधन आणि जावई म्हणून वैजीनाथ.

पिंकीनं काचेवर आधी लाल फूल ठेवलं. चौघांनी मान हलवली, हसत. मग पिवळं ठेवलं.

ते चित्राच्या फुलावर असं बसलं की क्षणभर कुठलं वरचं आणि कुठलं खालचं, हे सांगता आलं नसतं.

"झालं," केशरबाई म्हणाल्या. "माझ्या बापाच्या घरातला शेवटचा कागद जुळला. सुला, साखर वाट."

"थांबा," शुभदा म्हणाली.

ती मुलीला पिंकीच्या हातात देऊन खाली वाकली होती. तिला फूल बघायचं नव्हतं, रंग बघायचा होता. पाकळ्यांवर पिवळा एकसारखा, पातळ होता. त्यावर सावली नव्हती. पानांना मात्र तीन-तीन हिरवे होते. एका पाकळीच्या कडेला, पार बारीक, लाल रंगाची एक रेघ सुरू होऊन थांबली होती.

"हे पुरं झालेलं नाही," ती म्हणाली. "जलरंगात आधी फिका रंग देतात. तो वाळला की वर गडद. तिनं पिवळा दिला, लाल द्यायचा राहिला. फूल लालच होतं. तुमच्या हौदाजवळ आहे तसलं, पिवळ्या कडेचं."



"हीच खोट," धम्मदीप हळूच म्हणाला. "आपण सगळ्या कागदांची खोट सांगतो, याची कुणालाच सांगता यायची नाही." त्यानं फोन काढला. त्या बाईची चित्रं विलायतेतल्या एका संग्रहालयानं स्कॅन करून टाकली होती, हे त्याला माहीत होतं. लग्नाच्या सुमारास त्यानं एकदा शुभदाला दाखवलीही होती, पण शंकासूर तेव्हा शोधला नव्हता. थोडं शोधून त्यानं फोन सगळ्यांपुढं धरला. तीच फांदी होती. डावीकडं वळलेलं तेच पान. फुलं लालभडक, कडेला पिवळी. खाली तेच इंग्रजी नाव आणि बाईची सही.

"म्हंजी," सुलाबाई म्हणाल्या, "आपण इतक्या पोरींना ह्या कागदावरून परत पाठवलं, आन् फूल दारातच होतं?"

केशरबाई आधी हसू लागल्या. मग पिंकी, मग सुलाबाईसुद्धा, डोळ्यांना पदर लावून. सिद्धोधननं मात्र लाल फूल उचलून पुन्हा काचेवर ठेवलं.

"मग हे जुळलं," ते म्हणाले. "आपल्या अंगणातलं आहे. नियमाला धरून आहे. पिवळ्याची गरजच नाही. पिंकी, घे पोरीला."

शुभदानं सत्यशीला आत्यांकडं बघितलं आणि आपण काय केलं ते तिला कळलं. आत्या उठून बादलीकडं चालल्या होत्या, पिवळं फूल उचलून.

*

सिद्धोधनना बहीण कळत नव्हती असं नाही. पण घरातल्या वस्तू कुणाच्या, याचा निर्णय एकदा डळमळला की तो कुठंच थांबत नाही, हे त्यांनी गावातल्या वाटण्यांत बसून पाहिलं होतं. नियम नातीच्या बाजूनं होता. त्यांना नात होती आणि शेवटचा कागद होता. यात चूक काय, ते त्यांना दिसेना.

"सर," वैजीनाथ म्हणाला, "एक विचारू का? पिंकीच्या वेळी सहावी पाकळी चालली."

"दाजी, ते वेगळं."

"कसं वेगळं? तवा कागदाची खोट चालली, मग आज कागदावरचं पिवळं का चालंना?"

"तुम्ही मुद्दा काय मांडताय ते तरी सांगा."

"मी कशाला मांडू? जिचा आहे ती मांडंल. नसंल मांडायचा तर आमी बादली घेऊन जातो. येताना तिकीट काढलं न्हाई तिचं, जाताना काढतो."

सगळे सत्यशीलाकडं बघू लागले. ती कोपऱ्यात पाठमोरी होती. फडकं फांदीला गुंडाळायचं सोडून ती तशीच उभी राहिली, आणि मग वळली.

"मला पाहिजे," ती म्हणाली.

"काय पाहिजे?" सिद्धोधननं विचारलं, जरी त्यांना कळलं होतं.

"कागद. दादा, मी पोरीसाठी न्हाई आणलं. माझ्यासाठी आणलं. बी शोधायला यांना वर्षानुवर्षं फिरवलं, दोन झाडं लाल निघाली, तिसऱ्याला पाणी घालत बसले, ते मला हा कागद जुळवायचा होता म्हणून. या घरातल्या सगळ्या पोरींना फूल आहे. मला न्हाई. अण्णांचं मला पटतं. तेव्हाही पटलं असतं, मोठी असते तर. साहेबाचं उष्टं नको म्हणाले, बरोबर म्हणाले. पण मग पिंकीला का दिलं?"

"अण्णा तोवर बदलले होते," सिद्धोधन म्हणाले.

"बदलले ना. मग मला का न्हाई बोलावलं बदलल्यावर?"

याला उत्तर असणारा माणूस जाऊन अकरा वर्षं झाली होती. हौदाच्या बाजूला आचाऱ्याची पातेली घासली जात होती.

पिंकी म्हणाली, "आत्या, माझा घे. खरंच. सदाफुली घे."

"तुझा तुझ्याजवळ ठेव बाई. सहा पाकळ्यांचं मी काय करू?" सत्यशीला म्हणाली. ती हसली.

"पण मग पोरीला काय?" सिद्धोधन म्हणाले. आता ते भांडत नव्हते, विचारत होते. "तिला रिकामं ठेवायचं? पन्नास वर्षांनी तिनं उठून हेच विचारलं तर?"

"मी काढीन तिच्यासाठी," शुभदा म्हणाली.

"नवा कागद आणि जुना कागद एक का?"

"जुना कागद जुना कधी झाला, पप्पा? तोही कुणीतरी समोर फूल ठेवूनच काढला ना. या वेळी काढणारी घरातली असेल. खाली नाव मराठीत घालीन. फांदी कुणी कापून आणली त्याचंसुद्धा."

सिद्धोधननं चष्मा काढला. फांदी कापणाऱ्याचं नाव. आठवडाभर तेच तर ते सांगत होते.

"चार माणसं बसलीत, बघू तर द्या," केशरबाई म्हणाल्या. "जुळतंय का न्हाई ते आधी ठरवा. वाटप मागून. पिंके, दोन्ही फुलं ठेव."

पिंकीनं ठेवली. एकीकडं लाल, एकीकडं पिवळं. केशरबाई हातावर भार देऊन पुढं झुकल्या.

"आमचे बाबा सांगायचे," त्या म्हणाल्या, "कागदावर काय हाय ते बघायचं. झाडावर काय हाय ते बघायचं. बाईच्या मनात काय व्हतं ते बघायचं न्हाई. बाईला लाल लावायचा आसंल. लावला न्हाई. ती गेली जहाजात. माझ्या म्होरं पिवळं हाय." त्यांनी लाल फूल बोटानं बाजूला सारलं. "सुला?"

"पिवळं," सुलाबाई म्हणाल्या.

"जावईबापू?"

"मी काय सांगू आत्या, मी बियाणंवाला पडलो. माझं मत धरू नका."

"धरत न्हाई. सिधू?"

सिद्धोधन काचेवर वाकले. मग म्हणाले, "अंगण माहेरचं लागतं, असं होतं ना?"

"तिनं लावलंय," सुलाबाई म्हणाल्या. "लेकीनं लावलेलं झाड माहेरचं न्हाई, तर कुणाचं?"

"मग पिवळं," सिद्धोधन म्हणाले.

*

आधी पोरीचं झालं. कुठलं फूल, यावर शुभदानं कुणाला विचारलं नाही. ती अंगणात गेली आणि हौदाच्या तारेवर चढलेल्या वेलाचं गोकर्णाचं फूल घेऊन आली, निळं, अजून ओलं. कागद नव्हताच, तेव्हा जुळवायचं काही नव्हतं. फूल पोरीच्या उशाशी ठेवलं. पिंकीनं पाळण्यात वाकून कानाशी कुर्र केलं, संबोधी म्हणाली, गोकर्णा म्हणाली, आणि वर होईपर्यंत बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. पोरगी या सगळ्यात झोपली.

"काढताना एखादी चूक ठेव गं त्यात," केशरबाई शुभदाला म्हणाल्या. "न्हाईतर या घरचा वाटणार न्हाई."

"ठेवायची गरज पडणार नाही, आत्या. होईलच."

पाळण्याभोवतीची माणसं पांगू लागली तेव्हा केशरबाईंनी काठीनं सतरंजी ठोकली.

"कुठं निघाल्या सगळ्या? एक राहिलंय ना. सत्यशीला, इकडं ये. बस."

"आत्या, नको. कागद मिळाला, बास. काय पोरखेळ."

"पोरखेळ? मी हिची आत्या. हिच्या बापानं मला दारात उभी करून परत पाठवली. जास्वंद हातातच राहिली माझ्या. मानवतपर्यंत रडत गेले. तवापसनं माझं काम राहिलंय. बस म्हनते ना."

सत्यशीला बसली. उंच बाई होती. केशरबाईंचं तोंड तिच्या कानापर्यंत पोचेना, म्हणून तिला मान खाली घालून जवळजवळ त्यांच्या मांडीवर टेकावी लागली. वैजीनाथनं चित्र तिच्या समोर धरलं, पिंकीनं त्यावर पिवळं फूल ठेवलं. धम्मदीपनं फोन वर केला तर शुभदानं त्याचा हात खाली केला.

केशरबाईंनी कुर्र केलं. मग थांबल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "पन नाव काय? शंकासूर म्हनू का काय लेकीला?"

ओसरी हसली. सुलाबाई म्हणाल्या गुलतुरा म्हणा. पिंकी म्हणाली पिवळी. वैजीनाथ म्हणाला, "प्राइड म्हणा, गोऱ्या बाईला बरं वाटंल."

"तिला इचारा की," सुलाबाई म्हणाल्या. "ती का पाळण्यात हाय?"

सत्यशीलानं मांडीवरून मान न उचलता विचार केला. झाड फुलायच्या आधी, कळ्यांचा नुसता वर आलेला शेंडा दिसतो, तेव्हा ती रोज सकाळी चहा घेऊन त्याच्याजवळ उभी राहायची. तिसऱ्या झाडाचा रंग कुठला निघणार, हे त्या कळ्यांवरून कळत नव्हतं. ते दिवस तिला फुलापेक्षा जास्त आठवत होते.

"तुरा," ती म्हणाली.

"तुरा," केशरबाईंनी तिच्या कानात सांगितलं.

लगेच सुलाबाई पुढं झाल्या. गुडघ्यावर हात ठेवून, भिंतीचा आधार घेऊन, पण झाल्या. नणंदेच्या पाठीत धपाटा घालायचा भावजयीचा हक्क त्यांनी एका हातानं बजावला. "हा सत्यशीलाचा," त्या म्हणाल्या, आणि दुसरा घातला. "आन् ह्यो बस उशिरा आणल्याचा."

"मेले गं! हळू की, हाडं जुनी हायेत."

पिंकीनं घातला, शुभदानं अगदी हलक्या हातानं घातला. केशरबाई ओरडत होत्या, शिव्या देत होत्या आणि पाठ पुढं करत होत्या. सत्यशीला उठून बसली. तिनं कान पुसला, केस सारखे केले, चित्र वैजीनाथच्या हातातून घेऊन मांडीवर उभं धरलं आणि काचेवरचे हातांचे ठसे बघू लागली.

सिद्धोधन या सगळ्यांत बाजूला राहिले होते. धपाटे बायकांचे, भावाला त्यात काम नव्हतं. ते आत गेले, आणि आचारी गेलेला असल्यामुळं त्यांनीच चुलीवरचं पातेलं उतरवून चहा गाळला. कप ताटात मांडून बाहेर आणले. आधी आईला दिला, मग केशर आत्यांना, मग दाजींना. एक कप उरला.

"तुरे," ते म्हणाले, "चहा घे."

सत्यशीलानं वर बघितलं नाही. हाक आपल्याला आहे, हे तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. सिद्धोधन कप धरून तेवढा वेळ उभे राहिले.